पेटीवर कोण होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात इंदूरच्या एका गायन मैफलीचं वृत्त आलं आहे. गायिकेचं नाव, त्यांच्या गुरूंचं नाव, दीपप्रज्वलन कोणी केलं, शाल-श्रीफळ कोणाच्या हस्ते दिलं, आभार कोणी मानले, सगळं सविस्तर. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या नावामागे ‘सुपरिचित’ असंही लावलं आहे. शेवटची ओळ अशी : ‘त्यांना तबला व संवादिनीची समर्पक साथ लाभली.’ त्या दिवशी संवादिनी, म्हणजे आपली पेटी, मी वाजवत होते. सुनेने पेपर वाचून विचारलं, “आई, यात तुम्ही कुठे आहात?” मी म्हटलं, “समर्पकमध्ये.”

अशा ओळी मी चाळीस वर्षं वाचते आहे. समर्पक, अनुरूप, पूरक ही विशेषणं पाळीपाळीने येतात, वाजवणारी माणसं बदलली तरी. त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, कारण साथीदाराने पुढे पुढे करू नये हेच आम्हाला शिकवलेलं. या वेळी कागद पुढे ओढला तो एका इंग्रजी पुस्तकापायी.

मार्चमध्ये माझ्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. तीन महिने पेटी खोक्यात बंद आणि मी खिडकीशी. बंगळुरूचा नातू चार दिवस येऊन गेला आणि जाताना बीटल्सचं चरित्र विसरून गेला. विसरला की मुद्दाम ठेवलं, तोच जाणे. डोक्याखाली उशी म्हणून घेता येईल एवढं जाड. बीटल्स म्हणजे केस वाढवलेली चार पोरं आणि हृषीकेशचे महर्षी महेश योगी, एवढीच माझी विद्या. महर्षी आमच्या मध्य प्रदेशातले, जबलपूरकडचे, म्हणून पुस्तक उघडलं तेही तिथूनच. इंग्रजी मी हातात पेन्सिल घेऊन वाचते, अडलं की खूण करते. पहिल्या वीस पानांत खुणा इतक्या झाल्या की पुढे खुणा करणं सोडलं आणि वाचू लागले.

भांडणं, खटले, कोणाच्या बायकोमुळे कोणाचं बिनसलं, कोणी काय ओढलं, ती पानं मी भराभर उलटली. नाटक कंपन्यांच्या फाटाफुटीच्या गोष्टी लहानपणी आजोबांकडून इतक्या ऐकल्या आहेत की त्यात नवल वाटलं नाही. मी रेंगाळले ते स्टुडिओच्या पानांवर. ११ फेब्रुवारी १९६३. सकाळी आत गेलेली ही पोरं रात्री बाहेर आली ती दहा गाणी करून. जॉन लेननला सर्दी झालेली, दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळत आणि दूध पीत गातो आहे. सगळ्यात घसा फोडणारं गाणं मुद्दाम शेवटाला ठेवलेलं, कारण ते गायल्यावर दुसरं काही गाता येणार नाही हे सगळ्यांना माहीत. ते पहिल्याच फेरीत जमलं. दुसऱ्यांदा करून पाहिलं तर आवाजच उरला नव्हता. तबकडीवर आहे ती पहिलीच फेरी. कोणती फेरी, किती वाजता, घशात काय होतं, हे साठ वर्षांनी मला इंदूरच्या रामबागेत बसून कळतं!

पेटीवाली असल्यामुळे माझं लक्ष पेटीकडे गेलं. १९६५ च्या ऑक्टोबरात यांनी ‘वी कॅन वर्क इट आउट’ हे गाणं केलं आणि त्यात लेनन हार्मोनियम वाजवतो. मी नातवाला फोन करून गाणं पाठवायला लावलं, सुनेने कानात ती बोंडं घालून दिली. कुठे काही चमकवलेलं नाही. नुसते सूर धरून ठेवलेत, शब्दांच्या मागे भिंत उभी करावी तसे. मध्येच चाल तीन-तीनच्या वजनात जाते, आपल्या दादऱ्यासारखी, आणि पुन्हा मूळ लयीवर येते. अगदी बरोबर साथ. आता हे पाहा : त्याच १९६५ साली आपल्या आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. १९४० साली घातलेली बंदी उठायला १९७१ उजाडलं, आणि तेव्हाही ती पुरती उठली नाही. कारण काय, तर वाद्य परकं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) साधत नाहीत. मींड निघत नाही हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण ज्यांच्याकडची म्हणून आम्ही तिला दाराबाहेर उभं केलं, ते घरात बसून तिचा भाता मारत होते.

पुढे १९६७ मध्ये सर्कशीच्या जाहिरातीवरून रचलेलं एक गाणं आलं. त्यात निर्माते जॉर्ज मार्टिन स्वतः पेटीवर बसले. तीही पायाने भाता मारायची, म्हणजे संगीत नाटकांतली आपली पायपेटीच. फेऱ्यांवर फेऱ्या होत गेल्या, तासन्‌तास पाय चालवून गृहस्थ शेवटी हातपाय पसरून जमिनीवर आडवे झाले. ते पान मी आमच्या फिजिओथेरपिस्ट मुलीला वाचून दाखवलं. “आजी, बघा, त्यांच्यासारखं करू नका,” म्हणून तिने माझे दहा व्यायाम वाढवले.

पण पुस्तकातलं जे पान मी तीनदा वाचलं ते रिंगो स्टारचं. तो नुकताच या चौकडीत आलेला, आधीच्या ड्रमवाल्याला काढून. सप्टेंबर १९६२ च्या सुरुवातीला पहिलं गाणं वाजवलं, निर्मात्यांचं समाधान झालं नाही. ११ सप्टेंबरला रिंगो पुन्हा स्टुडिओत येतो तर ड्रमवर दुसराच वादक बसलेला, अँडी व्हाइट नावाचा, मेहनताना देऊन बोलावलेला. आणि रिंगोच्या हातात काय दिलं? खंजिरी.

संपादक महाराज, १९९१ च्या गणेशोत्सवात माझ्याही हातात अशी खंजिरी आली होती. पुण्याच्या एक मोठ्या गायिका येणार होत्या, मला महिनाभर आधी सांगून ठेवलेलं. त्यांची गाण्याची पट्टी काळी एक, म्हणून मी पेटी मुद्दाम जुळवून आणलेली. आठ दिवस त्यांच्या ध्वनिफिती लावून बसत होते, घरी आमटीला मीठ नाही असंही दोनदा झालं. रिक्षातून पेटी उतरवून आत गेले तर मंचावर एक पेटी आधीच मांडलेली. बाईंनी त्यांचा पेटीवाला बरोबर आणला होता. आयोजकांपैकी एक जण अगदी गोड बोलून म्हणाले, “ताई, तुम्ही तानपुऱ्यावर बसा ना, मंच भरलेला दिसेल.” बसले. अडीच तास चार तारा छेडत बसले, चेहरा हसरा ठेवून. येताना-जाताना रिक्षाचं भाडं मीच दिलं. रिंगो हा प्रसंग वर्षानुवर्षं विसरला नाही असं पुस्तकात आहे. नातू म्हणाला, “एवढं काय त्यात?” त्याला काय सांगणार! निदान रिंगोची खंजिरी त्या तबकडीत ऐकू तरी येते.

त्याच रिंगोचे टॉन्सिल १९६४ च्या जूनमध्ये सुजले, तर ऐन दौऱ्याच्या तोंडावर जिमी निकोल म्हणून एकाला उचलून नेलं. दहाएक दिवस तो जगातला सगळ्यात नावाजलेला ड्रमवाला होता. मेलबर्नला रिंगो आला, निकोलला सोन्याचं घड्याळ मिळालं आणि तो घरी परतला. आमच्यात बदलीवर जाणाऱ्या तबलजीला घड्याळही मिळत नाही.

पुस्तक अर्ध्याच्या जवळ आलं असताना एका ओळीत नाव दिसलं आणि मी चष्मा काढून पुसला. अनिल भागवत. परक्या गावच्या फलाटावर कोणी आपल्या भाषेत हाक मारावी तसं झालं. ११ एप्रिल १९६६ ची गोष्ट. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, ती चालवणाऱ्या अंगडींचा या भागवतांना फोन आला : आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचं आहे. कोण जॉर्ज, ते सांगितलंच नाही. न्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा उलगडा झाला. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने त्यांच्याबरोबर बसून तबला सुरात लावून घेतला, सोळा मात्रांत वाजवा म्हणाला, बाकी तुमच्या मनाने. मी ते गाणंही ऐकलं, ‘लव्ह यू टू’. सुरुवातीला सतारीवर थोडा आलाप, मग तबला येतो, शेवटी लय चढते. तीन मिनिटांत आलाप, गत, द्रुत. पंगतीत वाढप्याला घाई असली की सगळं एकदम पानात पडतं तसं. पण तबला स्वच्छ आहे, बोलका आहे. आणि ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी निघाली तेव्हा वेष्टनावर छापून आलं : अनिल भागवत, तबला. पुढे एकदा भागवत म्हणाले की त्यांनी माझं नाव वेष्टनावर घातलं, हे माझं भाग्य, मला त्याचा फार अभिमान आहे. एका संध्याकाळचं काम, आणि अभिमान कशाचा, तर नाव घातल्याचा. मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

आता कोणी म्हणेल, बाई विलायतेचे गोडवे गायला लागल्या. तसं नाही. त्याच हॅरिसनने पुढच्याच वर्षी आणखी एक गाणं केलं, मुख्यतः आपल्या वाद्यांवर : दिलरुबे (गजाने वाजवायचं तंतुवाद्य), तबला, तानपुरा, स्वरमंडल. स्टुडिओत गालिचा अंथरलेला, उदबत्त्या लावलेल्या, वाजवणारे मांडी घालून बसलेले. त्या तबकडीचं वेष्टन जगभर गाजलं. त्यावर गर्दीत आपले चार योगी आहेत : बाबाजी, लाहिरी महाशय, युक्तेश्वर आणि योगानंद. गांधीजीही होते, कंपनीने काढायला लावले. संतांची तोंडं छापली, पण दिलरुबा कोणी वाजवला ते कुठे नाही! त्यातली काही नावं पुष्कळ वर्षांनी शोधून काढावी लागली. नातवाने ती मला मोबाईलवर काढून दिली : दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तानपुऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. अण्णा जोशी! आमच्या गल्लीत हाक मारली तर तीन अण्णा खिडकीत येतील. इतकी वर्षं लोक तो दिलरुबा ऐकत होते आणि तो कोणाचाच नव्हता.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन काही दिवस काम केलं. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, बासरीवर केंकरे. पेटीवर रिजराम देसाद, हे नाव मी लगेच वहीत उतरवून घेतलं. सनईवर शरद आणि हनुमान ‘जादेव’ असं छापलंय. हे आपले जाधवच, मी पैज लावते. नाव छापलं, पण असं! तरी छापलं. आडनाव चुकलं तर निदान दुरुस्त करता येतं.

चरित्रकाराला हे सगळं कळलं कसं, असा प्रश्न मला पडला. उत्तर साधं आहे. त्या कंपनीत नोंदी ठेवणारी माणसं होती. फितीच्या खोक्यावर तारीख, गाणं, कितवी फेरी. बाहेरून कोण वादक आला, त्याला काय दिलं, सगळं लिहिलेलं. डेव्हिड मेसन नावाच्या तुतारीवाल्याने १९६७ च्या जानेवारीत एका गाण्यात छोट्या तुतारीचे चार सूर घातले, त्याची बिदागी २७ पौंड १० शिलिंग, तेही पुस्तकात आहे.

मी मनात म्हटलं, हे तर माझ्याकडेही आहे. १९८३ पासून मी एक वही ठेवते. आता त्यांच्या सात झाल्यात, दोघींना वाळवीने चाखलं आहे. ही सवय आमच्या ह्यांची. ते बँकेत होते, नोंद नसेल तर व्यवहार झालाच नाही असं म्हणायचे. पहिल्या वहीतलं पहिलं पान असं : कोजागिरी, गच्चीवर. गायिका, पांढरी पाच. तबला, आमच्या शेजारचे काका. ‘खमाज चांगला झाला. भैरवीला वरचा षड्ज पेटीत बोलला नाही, पट्टी बदलून घेणे. बिदागी ५१ रु. व नारळ. मसाला दूध उत्तम.’ अशी साडेसहाशेच्या वर पानं आहेत. इंदुरात कोण कोण येऊन गेलं, कोणाची कोणती पट्टी होती, कोणाच्या मागे कोणाचा ठेका होता, हे त्यात आहे. त्यातल्या तबल्याच्या मंडळींपैकी निम्मे आज नाहीत. त्यांची नावं या वह्यांखेरीज कुठे असतील असं वाटत नाही. छापील कात्रणंही मी चिकटवून ठेवली आहेत आणि त्यांच्यातही ती नाहीत. तिथे समर्पक साथ आहे.

आणि हे कोणत्या गावात? ज्या गावाचं नाव संगीताच्या जगात पखवाजामुळे घेतलं जातं, त्या गावात. होळकरांच्या पदरी नानासाहेब पानसे होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मृदंग असा वाजवला आणि असा शिकवला की पुढे पानसे घराणं म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. त्यांचे शिष्य सखारामपंत आगळे, त्यांच्यामागे अंबादासपंत. सारंगीचे बुंदू खाँ इथल्या दरबारी होते. ही सगळी कोणाच्या तरी बाजूला बसणारी वाद्यं. अमीर खाँसाहेब आमचे, लताबाईंचा जन्म इथला, हे इंदूरचं पोरही पोहे-जलेबी खाता खाता सांगेल, आणि सांगावंच. पानशांचं नाव मात्र मी आमच्या ओळखीतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं तर एकाने विचारलं, “कोणतं दुकान?”

माझं मागणं फार नाही. आपल्या वार्ताहरांना सांगावं की मैफल संपली की पुष्पगुच्छांच्या रांगेतून दोन मिनिटं काढून विंगेत या. पेटीचं खोकं लावणारी, तबल्याच्या पिशवीची चेन ओढणारी माणसं तिथेच असतात. नाव विचारा, आडनावासकट, आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या. जाहिरात पाठवणाऱ्या संस्थांनाही सांगा की ‘साथसंगत’ लिहून पुढे टिंबं टिंबं देऊ नका. जागा नाही म्हणाल, तर दीपप्रज्वलनातली दोन नावं कमी करा. ते दिवे तसेही पंख्याच्या वाऱ्याने पाच मिनिटांत विझतात. कोणाला इंदूरच्या साथीदारांवर नीट काही लिहायचं असेल, तर माझ्या सात वह्या चहासकट खुल्या आहेत. घरी न्यायला मात्र देणार नाही.

एक राहिलं. त्या रविवारच्या मैफलीत तबल्यावर जो मुलगा होता, तेवीस-चोवीसचा असेल. मी या वेळी पहिल्यांदाच खुर्चीवर बसून, पेटी स्टुलावर ठेवून वाजवली. भाता मारताना स्टूल सरकायचं. त्याने मध्यंतरात आपल्या तबल्याखालची एक चुंबळ काढून स्टुलाच्या पायाखाली सारली आणि स्वतः डग्गा नुसत्या चादरीवर ठेवून वाजवला. उत्तरार्धात त्याने झपताल असा धरला की मला वरचे सूर सोडून ऐकत बसावंसं वाटलं. त्याचं नाव मी वेगळ्या चिठ्ठीवर, सुवाच्य अक्षरात, या पत्राला टाचून पाठवत आहे. त्या वृत्ताची दुरुस्ती छापणार असाल तर ते घालावं.

माझं नाव छापू नये. नवरात्रात त्याच गायिकेबरोबर वाजवायचं आहे.

आपली,
एक पेटीवाली
रामबाग, इंदूर